जीपला ट्रकची चाकं

मारोतराव : “मारोत्या, चाक लहान ठेवशीन तं बैलाची मान मोडशीन.” असा म्हने माहा बाप. मी एवढासाक होतो. पुंजाजी सुताराच्या बापाच्या खोपटात बसून बंडीचं चाक भरताना पाहत होतो. किती वर्सं झाले, पन थो आवाज अजून कानात हाये.

सोजरबाई : असू द्या. कान भरलेला बरा. आता त्याच आवाजाले इचारा, जीपची मान कायनं मोडते म्हना.

मारोतराव : जीपले मान नसते.

सोजरबाई : नसते ना. तरी तुमी मोडून दाखवली. याले म्हनते हुन्नर.

(नाल्याच्या अलीकडे, तुरीच्या दोन वावरांमधल्या पांदणीत मिलिटरीच्या लिलावातली एक जीप काळ्या मातीत रुतून उभी आहे. तिला ट्रकचे टायर बसवलेले. वर सोजरबाई बसली आहे. खाली तिचा नवरा मारोतराव चाकापुढे दगड लावतो आहे. आश्विनातलं ऊन कलतं झालं आहे. नाल्यापलीकडे, चढावर, त्यांच्या लेकीचं, चंदाचं सासर.)

मारोतराव : क्लच तापला हाये. थंडा होऊ दे. मंग पाय, एका दमात काढतो.

सोजरबाई : होऊ द्या, होऊ द्या. दुपारपासून थंडाच होऊन राह्यला. चुलीवरचं वरन असतं तं एव्हाना गोठून वड्या पडल्या असत्या. पन हा वास कायचा येते? भाकर करपल्यावानी.

मारोतराव : क्लचच्या पट्टीचा.

सोजरबाई : म्हंजे करपली. भाकर असती तं बैलाले टाकली असती. हे कोनाले टाकाची?

मारोतराव : तू जरा गुमान बस. दगड सरकून राह्यला.

सोजरबाई : माह्या बोलन्यानं दगड सरकते अन् तुमच्या इंजनानं जीप सरकत नाई. मंग मलेच जुंपा ना समोर. दोन शब्द बोलीन, गाडी चंदीच्या दारात.

मारोतराव : दिवस किती राह्यला, वरून पाय बरं.

सोजरबाई : वरून काय पाह्यचं, मले तं इथून थेट अकोला दिसून राह्यलं इतकी उंच बसवली तुमी. दिवस बाभयीच्या शेंड्याले टेकला. विहीनबाईनं दिव्याची काच पुसाले घेतली असन. कान देऊन बसली असन, जीप वाजते का जीप वाजते. वाजते तं हाये म्हना. वाजन्यात कमी नाई पडली.

मारोतराव : प्रयागबाई काई इतकी सख्त नाई.

सोजरबाई : सख्त नाई? मंग थे बोलनं काय होतं? का थेही क्लचातच जळलं? परवा तुमच्या तोंडावर सांगतलं तिनं, पदर सावरून. उद्यापासून चंदीले आठवा लागते. आठव्यात पोटुशी बाई वेस ओलांडत नाई, आमच्या घरात हे कधी झालं नाई अन् होनार नाई. आज दिवेलागनीच्या आत घेऊन गेले तं तुमची लेक, नाईतं बाळंतपन इथंच. असं म्हने. अन् वरून म्हने, व्याही, बंडी आनजा, जीपचा मले भरोसा नाई. त्याच्यावर तुमी काय बोलले?

मारोतराव : काय बोललो?

सोजरबाई : मिशीवरून बोट फिरवलं. म्हने, दिवेलागन कायले, विहीनबाई, चहाच्या टायमाले जीप दारात उभी असन.

मारोतराव : कोन्या दिवसाचा चहा, थे नाई सांगतलं मी.

सोजरबाई : हासा. हासून घ्या. पोरगी तिकडं गठुडं बांधून बसली असन. पयलं बाळंतपन हाये तिचं. तिची सासू वाईट नाई, मीच म्हनते. पन कळ आली का पोरगी सासूचं नाव नाई घेत. अन् मी कुठं असन तवा? घरी, माहेरपनाचे लाडू वळत, ज्याले खानारीच नाई आली.

मारोतराव : मले काय समजत नाई हे?

सोजरबाई : समजते ना. म्हून तं पोळ्याच्या आधी गाडीचे पाय तोडले अन् दुसरे लावाले घेतले. पोळ्यानंतर आनाची होती पोरगी, तवा जीप वाशीमले बाबूलाल मिस्त्रीपाशी उताणी. पित्रपाट लागला, त्यात कोन आनते. नवरात्रात निघालो तं आपल्याच शिवेवर चाकाचे बोल्ट तुटले. एवढं मोठं चाक आपल्या अंगावर कोनं बसवलं म्हून थे बोल्टच शरमले असन. असं करता करता आजचा दिवस उरला. अन् आज आपन कुठं हावो? तुरीत.

मारोतराव : बंडी आनली असती तं काय झालं असतं? सातवा सरत आलेली पोरगी. बंडीत धक्के खात यावं तिनं?

सोजरबाई : नाई, तुमचंच बरोबर. हे जीप लय मऊ. येता येता माह्या पाठीचे सारे मनके एकमेकाची जागा बदलून बसले. जुनं चाक होतं तवा जीप उडे, पन हल्लकशी, चिमनी उडल्यावानी. हे चाक गड्ड्यात जाते अन् असं आदळते, उखळात मुसळ आदळल्यावानी. मी मधातलं धान. सातव्यातली पोरगी या पाळन्यात घालून आनाची होती ना तुमाले?

मारोतराव : चाक मोठं तं गड्डा लहान. हे खोटं हाये काय? सांग.

सोजरबाई : बंडीले खरं हाये. तुमच्या बाबाचा आवाज काई खोटा नाई. पन बंडीले बैल समोरून ओढते. चाकाले काय करा लागते? नुसतं लोळाचं. मोठं असलं का गड्ड्यावरून डुलत डुलत जाते. तुमच्या जीपले कोनता बैल ओढते? थे इंजन बिचारं चाकाच्या बेंबीपाशी धरते अन् तिथून पिरगाळते. जात्याचा खुंटा काठाले असते म्हून बाईले दळता येते. तुमी खुंटा मधात ठोकला, वरची तळी दुप्पट जड केली, अन् इंजनाले म्हनता, दळ आता, ओवी गा.

मारोतराव : हे तुले कोनं सांगतलं?

सोजरबाई : कोन सांगनार? आज दुपारपासून इथं बसून बसून सुचलं. दुसरं काम काय होतं मले? घरी सुचलं असतं तं बाबूलालच्या दारात आडवी झाली असती.

मारोतराव : पुंजाजीले इचारूनच बसवले म्या. पुंजाजी साऱ्या मालेगावच्या बंड्या करते. थो पाहून म्हने, पाटील, आता शोभली. आधी बकरीवानी दिसे, आता जनावर दिसते.

सोजरबाई : बकरी टेकडीवर तं चढे. जनावर झालं अन् तुरीत बसलं. अन् पुंजाजीच्या साऱ्या जिंदगीत एक तरी चाक असं हाये का, ज्याले पेट्रोल लागते? त्याले इचारलं. उद्या माहा दात दुखला तं मले घिसाड्याकडं नेजा. लोखंड काढाची सवय हाये त्याले.

मारोतराव : बाबूलाल तं मिस्त्री हाये ना? त्यानं बसवले.

सोजरबाई : त्यानं बसवले, पन बोलला काय थे मी ऐकलं. पाटील साब, इंजन वही, गियर वही, बिरेक वही, सिर्फ पहिया पराया. सोच लो. असं म्हने. तुमी म्हटलं, तू बसव. मंग त्यानं चाकावरचे मडगार कापले, स्प्रिंगच्या पाट्याखाली लाकडं देऊन जीप उचलली, रिंगा दुसऱ्या लावल्या. निघताना त्यानं सलाम केला थो तुमाले नाई, जीपले केला. मी तवाच समजली, आता हिची-आपली गाठ नाई राह्यली.

मारोतराव : एक तं मानशीन? आधी याच नाल्यातल्या खडकावर जीपचं पोट घासे. आज घासलं?

सोजरबाई : नाई घासलं. खडकापर्यंत पोचलोच कुठं?

मारोतराव : मागच्या नाल्यात नाई घासलं म्हनतो मी.

सोजरबाई : हो, थे खरं. तिथं खालून निघाली जीप, खडकाले नमस्कार न करता. पन चढाव आला अन् तिचा ऊर भरला. तुमी गियर टाकला, दुसरा टाकला, पुन्हा पयला. शेवटी मागून शेरडं आले, बाजूनं निघून गेले. एक तं वळून पाहत उभं राह्यलं. त्याले वाटलं आपल्यावानी चरून राह्यली.

मारोतराव : उतारावर तं पळते.

सोजरबाई : पळते? उतारावर थे थांबत नाई, याले पळनं नाई म्हनत. वाशीमच्या बजारात शिपायानं हात दाखवला. तुमी बिरेक दाबला तवा समोर शिपाई होता. गाडी थांबली तवा समोर सरकीची गंजी होती. शिपाई धावत धावत मांगून आला. बोलाचं तं दूरच, दम लागून खालीच बसला. तुमीच त्याले सुराहीतलं पानी पाजलं.

मारोतराव : भला मानूस होता.

सोजरबाई : भला होताच. म्हने, पाटील, पुढच्या वेळेस तुमीच हात दाखवा, मी थांबतो. अन् तुमचे दंड? रोज संध्याकायी तिळाचं तेल कोन चोळते? आधी पारापाशी एका हातानं वळवे गाडी, दुसऱ्या हातात पान. आता दोन हात, छाती, दातओठ, सारंच लागते. चाक वळलं का तिकडं पाट्याले घासते, कुईकुई करते. पुढं, मांगं, पुढं, मांगं. पारावरचे बुढे तुमची जीप दिसली का आपलं आपलंच उठून सरकते. मारोतीच तेवढा बसून राहते, त्याले उठता येत नाई म्हून.

मारोतराव : झालं तुहं?

सोजरबाई : झालं कुठं. निंदाले जाते त्या बायाईनं गानं केलं, थे ऐकलं का नाई?

मारोतराव : कोनतं?

सोजरबाई : मले काई येत नाई बाप्पा. कानावर आलं तेवढं सांगते.

आली पाटलाची जीप, चाकं डोंगरावानी,
रॉकेल पेते घागरीनं, चाले गोगलगाईवानी.

मारोतराव : जीप रॉकेल पेत नाई. पेट्रोल पेते.

सोजरबाई : पेट्रोल चालीत बसत नाई, म्हून रॉकेल.

मारोतराव : हे तूच केलं.

सोजरबाई : मी? मी तं जात्यावर बी देवाचंच म्हनते.

मारोतराव : दगड बसला. सरक जरा तिकडं, मी वर चढतो. पुन्हा लावून पाहतो.

सोजरबाई : अवो, नका. त्या इंजनाले बी माय असन कुठं तरी.

मारोतराव : घट्ट धर तू. हं. चल माय. चल. चल म्हनतो ना.

सोजरबाई : बस करा. बस. चाक झोपलेलं हाये अन् इंजन एकटंच बोंबलून राह्यलं. धूर पाहा धूर. विहीनबाई म्हनन, व्याही आले नाई पन सैपाक चढवला वाटते.

मारोतराव : पट्टी गेली.

सोजरबाई : म्हंजे?

मारोतराव : म्हंजे आता नाई निघत. आज तं नाई.

सोजरबाई : असं सिद्दं बोलता येते तुमाले, मले वाटलं विसरले. आता मी बी एक सिद्दं बोलू? कायच्यासाठी केलं हे सारं? मी सांगते. शालिग्रामसाठी. सोनखासच्या लग्नात त्याची जीप तुमच्या जीपच्या बाजूले लागली, अन् त्याची बोटभर उंच दिसली. लोकाईनं तिकडं पाह्यलं. त्या दिवसापासून तुमाले झोप नाई.

मारोतराव : तुले तसं वाटते?

सोजरबाई : साऱ्या गावाले तसं वाटते. टप बी काढून फेकला वरचा. उन्हानं माह्या डोक्याची चूल झाली. टप काहून काढला म्हटलं तं म्हने, नाई पायजे. काहून नाई पायजे? तं म्हने, नाई पायजे म्हटलं ना. टप असला तं पाटील दिसन कसा लोकाईले.

मारोतराव : म्हन तू. म्हनून घे.

सोजरबाई : म्हनूनच राह्यली. अन् मांगं हे सागवानाची शिडी कायची बांधली? मी चढली तवा तं पाट दिला होता मले.

मारोतराव : चंदीसाठी. पुंजाजीकडून करून घेतली. गाडी उंच झाली तं तिनं चढावं कसं पोट घेऊन. बाजूच्या दांड्याले हात लावून पाय, कुसळ लागत नाई. घासून घेतला म्या.

सोजरबाई : तुमी घासला?

मारोतराव : पुंजाजीचा हात जाड.

सोजरबाई : हत्तीले अंबारी अन् अंबारीले शिडी. आता तेवढा हत्ती उठला म्हंजे झालं. आयका माहं. पलीकडच्या वावरात कोनाची बंडी असन. हाक मारा.

मारोतराव : कायले?

सोजरबाई : कायले म्हंजे?

मारोतराव : मिलिटरीची गाडी हाये हे. हिले बंडीनं ओढाचं? लोकं काय म्हनन?

सोजरबाई : जीप राहू द्या इथंच. उगवन तिथं. मी पोरगी आनाले बंडी म्हनते.

मारोतराव : मी विहीनबाईले सांगतलं, जीप दारात लावतो.

सोजरबाई : चंदीचे बाबा, दारात जीप न्याची होती का दारातून पोरगी आनाची होती, एक सांगा मले. दोन्ही नका सांगू.

मारोतराव : असं तोडून नको बोलू.

सोजरबाई : तोडून नाई बोलत. भेव वाटते मले. तुमी त्या चाकाकडं पाहून राह्यले, मी दिवसाकडं पाहून राह्यली. पोरगी तिकडं दाराकडं पाहत असन. तिघाईचे डोळे तीन जागी.

मारोतराव : उतर खाली.

सोजरबाई : कायले?

मारोतराव : मी शिडी लावतो, तू उतर. चिखलात रुतन थे, मी धरून ठेवतो. आपन पायी जाऊ. नाल्यात माहा हात धर. मी प्रयागबाईच्या ओट्यावर जातो, डोक्याचा फेटा काढतो अन् म्हनतो, विहीनबाई, तुमचं खरं झालं, माही जीप तुरीत हाये. तुमची बंडी द्या, माही लेक द्या.

सोजरबाई : फेटा नका काढू.

मारोतराव : काढतो.

सोजरबाई : नका म्हनते ना. बोलाचं थे मी बोलन. मले सवय हाये. तुमी फक्त बाजूले उभे राहा. अन् जीपबद्दल काई म्हटलं कोनी, तं मी आयकून घेनार नाई, सांगून ठेवते. तुमच्या जीपले बोलाचा हक्क फक्त मले हाये.

मारोतराव : हं. पाय दे इथं. हळू.

सोजरबाई : थांबा. थांबा जरा. घुंगरं वाजून राह्यले का?

मारोतराव : कुठं?

सोजरबाई : नाल्यात. पाहा, बंडी उतरून राह्यली. बैल पांढरे धोरे हायेत. हाक मारा, अवो, हाक मारा, निघून जाईन दुसरीकडं.

मारोतराव : निघून कुठं जाते, इकडंच येऊन राह्यली. थो सोमला हाये हाकनारा. जावयाचा गडी. अन् मांगं कोन बसलं व?

सोजरबाई : माय माय. चंदी हाये.

चंदा : बाबा, तुमी तिथंच थांबा. चिखलात नका उतरू, तुमचं धोतर खराब होईन.

मारोतराव : धोतराचं काय राह्यलं आता, पोरी. तू कशी? तुले कोनं पाठवलं?

चंदा : मामीजीनं, सासूबाईनंच. मी म्हटलं नाई अजून काई, त्याच म्हने. दिवस बुडाच्या आत तू वेस ओलांडून घे. तुहे बाबा दारात पोचले काय अन् तू त्याईच्यापाशी पोचली काय, आठव्याले काय समजते. वेशीपर्यंत स्वता आल्या. नारळ ओवाळला, माह्या तोंडात साखर टाकली.

सोजरबाई : प्रयागबाई?

चंदा : हो. डिंक, खोबरं, तूप, सारं दिलं बांधून. अन् हा दोर बी दिला.

सोजरबाई : दोर कायले?

चंदा : जीपले. म्हने, व्याह्याले सांगजो, दोर मजबूत हाये. काम झालं का वापस पाठवजा, आमच्या विहिरीचा हाये.

सोजरबाई : घ्या. मी इतकं दुपारपासून बोलली, तिनं एका दोरात बोलून टाकलं.

चंदा : माय, तू रडून राह्यली का?

सोजरबाई : धूर गेला डोळ्यात. तुह्या बाबाची पट्टी करपली. इकडं ये. पोटावर हात लावू दे. लाथ मारते का?

चंदा : बंडीत मारत होतं. आता गप झालं. जीप पाहून भेलं वाटते.

सोजरबाई : शहानं हाये. आजावर नाई गेलं. पन मले हे सांग, तुमाले कसं समजलं आमी इथं फसलो? का तिथपर्यंत बोंबलनं आयकू येत होतं?

चंदा : आयकू मंग आलं. आधी दिसलं.

सोजरबाई : दिसलं? एवढ्या तुरीतून?

चंदा : ओट्यावर डाळ निवडत होती मी. पाह्यलं तं तुरीच्या शेंड्यावरून बाबाचा फेटा येऊन राह्यला. खाली गाडी दिसत नाई, काई नाई, नुसता लाल फेटा अन् बाजूले तुहा पदर. डुलत डुलत येत होते दोघं, तुरीवर बसून आल्यावानी. मी डाळ टाकली बाजूले अन् पाहत बसली. मंग फेटा थांबला. थांबला तं थांबलाच. मामीजी म्हने, बुजगावनं असन. तेवढ्यात बुजगावन्यानं घाम पुसला.

सोजरबाई : आयकलं का? तुमच्या चाकाईनं एक काम केलं बाप्पा जलमात. बुजगावनं उंच केलं. आता शालिग्रामले बोलवा अन् दाखवा.

मारोतराव : सोमला, जीप राहू दे आज. उद्या पाहू. पोरीले अन् हिले घेऊन तू पुढं हो, मी मांगं मांगं येतो.

चंदा : शालिग्रामकाकाचं काय, माय?

सोजरबाई : त्याची जीप बोटभर उंच दिसली म्हून तुह्या बाबानं हे टरकाचे पाय लावले. त्याच्यापायी तू आठव्याच्या तोंडावर आली. गाव हासून राह्यलं, पन तुह्या बाबाले उंच दिसाचं होतं. इचार त्याईले.

चंदा : खरं, बाबा?

मारोतराव : बस तू बंडीत. थंडी पडन आता.

चंदा : बाबा, सांगा ना. माय इतकं बोलून राह्यली, तुमी एक बी शब्द परत देत नाई.

मारोतराव : देऊन काय कराचं. तिचं बरोबरच हाये. चाक चुकलंच माहं. इंजनाले झेपत नाई थे.

सोजरबाई : चाक चुकलं थे समजलं. पन शालिग्रामचं?

मारोतराव : शालिग्रामशी मले काय घेनं व. त्याची जीप उंच हाये का ठेंगनी, म्या पाह्यलं बी नाई.

सोजरबाई : मंग कायच्यासाठी? दुपारपासून मी तुमाले त्याच्या नावानं कुटून राह्यली, तुमी एकदा तरी नाई म्हनाचं होतं.

मारोतराव : मंग तू इचारलं असतं, कायच्यासाठी. मानसानं सांगाचं काय असं.

चंदा : मले सांगा.

मारोतराव : मागच्या दिवाळीले तुले न्याले आलो होतो. अशीच तूर उभी होती. गठुडं बांधता बांधता तू मले म्हटलं.

चंदा : मी काय म्हटलं? मले आठवत नाई.

मारोतराव : तू म्हटलं, बाबा, तुमी तुरीतून एकदम दारातच निघता. आले म्हनता म्हनता आलेलेच असता. येताना कधी दिसतच नाई.

चंदा : म्हून चाकं मोठे? म्हून टप नाई?

मारोतराव : म्हटलं, लेकीले बाप जरा दुरून दिसावा.